नकाराच्या भीतीने अडलेला मित्र: त्याला मदत कशी करावी?

कुळागरकर

माझा एक जवळचा मित्र लाकडावर कोरीव काम करतो. फोंडा तालुक्यातला आहे. गाव सांगत नाही, कारण इथे लिहिणारे बरेच जण आमच्याच भागातले. देव्हारे, दाराच्या चौकटी, पालखीची दुरुस्ती, चवथीची (गणेश चतुर्थीची) आणि नवरात्रीची मखरं, सगळं त्याच्या हातून होतं. शिवणीच्या लाकडात त्याने काढलेली वेल बघितली की पानाची शीर कुठून वळली ते बोटाने शोधावंसं वाटतं. असा हात असून तो एका कंत्राटदाराकडे रोजंदारीवर आहे. काम कंत्राटदार आणतो, दर कंत्राटदार ठरवतो, नावही त्याचंच लागतं.

काही वर्षांपूर्वी तो एका देवस्थानच्या समितीकडे नवरात्रीच्या मखराचं चित्र काढून घेऊन गेला होता. आमच्याकडे मखरोत्सव म्हणजे काय ते इथल्यांना सांगायला नको. कीर्तन झाल्यावर देव मखरात झुलतो आणि सगळा गाव ते बघायला उभा असतो. आपण केलेलं मखर तिथे झुलावं, ही त्याची लहानपणापासूनची इच्छा. भर बैठकीत कुणीतरी तो कागद बाजूला सारला आणि म्हणालं, "हे तुझ्याच्यानं व्हायचं नाही." काम बाहेरच्या माणसाला गेलं. दुसऱ्या दिवशी तिठ्यावर जो भेटेल तो त्याला विचारत होता, "काय रे, दिलं नाही म्हणे?"

तेव्हापासून तो कुणाकडे काम मागत नाही. कुणी आपणहून फोन केला तर कंत्राटदाराचा नंबर देतो. कुणी दर विचारलाच तर समोरच्याने तोंड उघडण्याआधी स्वतःच कमी करतो. कामाचे फोटो व्हॉट्सॲपवर पाठवतो आणि समोरच्याने बघण्याआधी पुसून टाकतो. पणजीला दर्या संगमवर लोकोत्सव भरतो, तिथल्या स्टॉलसाठीचा अर्ज लिहून तयार होता, तो दिला नाही. पीएम विश्वकर्मा योजनेचंही तसंच. सुतारकाम त्या योजनेतल्या १८ व्यवसायांत येतं, अवजारांसाठी १५,००० रुपये मिळतात, पहिल्या टप्प्यात १ लाखापर्यंतचं कर्ज ५ टक्के व्याजाने मिळतं. सगळं त्याला माहीत आहे. "नाही म्हणाले तर?" इथे गाडी थांबते.

"तू उत्तम काम करतोस" हे आम्ही सगळे त्याला सांगतो. तो मान हलवतो आणि विषय बदलतो. मुलगी पुढच्या वर्षी बारावीला आहे, पुढचा खर्च समोर दिसतोय. मित्र म्हणून नेमकं काय करता येईल? त्याच्या वतीने मीच चार ठिकाणी विचारून बघू का? अनुभव असलेल्यांनी कृपया लिहा.

वाळपई_एक्स्प्रेस

माझा भाऊ असाच आहे, त्याचं फक्त क्षेत्र वेगळं. वाचतोय.

अबोली_डिचोली

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. कृपा करून त्याच्या वतीने विचारू नका.

मी घरी कापडावर भरतकाम करते. सुरुवातीची काही वर्षं मला दुकानात जाऊन "हे ठेवाल का?" असं विचारणं जमत नसे. माझी एक मैत्रीण धीट. तिने प्रेमापोटी माझ्या नकळत दोन दुकानांत विचारलं. एकाने होकार दिला. मला आनंद व्हायला हवा होता, पण मनात आलं ते असं की तिच्यासारखं बोलता येतं म्हणून तिला मिळालं, मी गेले असते तर मिळालं नसतं. दुसऱ्या दुकानाने नकार दिला होता, ते मला नंतर कळलं आणि त्या रस्त्याने जायचंच मी सोडलं. होकाराचं श्रेय तिला गेलं आणि नकार तेवढा माझ्या वाट्याला आला.

मला उपयोग झाला तो दुसऱ्याच गोष्टीचा. पुढे तीच मैत्रीण म्हणाली, "तू विचार, मी बाहेर स्कूटरवर बसते. काय म्हणाले ते येऊन सांग, मग भाजीपाव खाऊ." आत मला एकटीलाच जायचं होतं, पण बाहेर कुणीतरी होतं. आणि भाजीपाव नकार मिळाला तरी ठरलेला होता.

मन_म्हापसा

मी समुपदेशन करते. मित्राला न भेटता निदान करणार नाही, पण तुम्ही जे वर्णन केलंय त्यात एक साखळी स्पष्ट दिसते.

विचारायची वेळ येते तसा जीव घाबरा होतो. तो न विचारता परत फिरतो. त्याक्षणी सुटल्यासारखं वाटतं. ही सुटका खरी असते, आणि तीच भीतीला खतपाणी घालते, कारण मन त्यातून एवढंच शिकतं की टाळलं म्हणून वाचलो. नकार मिळूनही आपण टिकतो हे शिकायची संधीच येत नाही. त्यामुळे वर्षं गेली तरी भीती तेवढीच राहते किंवा वाढते.

टाळण्याचे छुपे प्रकारही असतात. आधीच दर पाडणं, फोटो पुसणं, "नको असेल तर राहू दे हां" असं म्हणत विचारणं. वरून बघता त्याने विचारलेलं असतं, पण आतून निसटायची वाट ठेवलेली असते. हे तुमच्या लक्षात आलं तर टोकू नका. पुढच्या वेळी त्यातली एकच गोष्ट सोडून बघू, एवढं म्हणा.

जेराल्डिन डाउनी आणि स्कॉट फेल्डमन या मानसशास्त्रज्ञांनी १९९६ मध्ये नकाराबद्दलच्या अतिसंवेदनशीलतेवर काम केलं. अशी माणसं नकार येणारच असं धरून चालतात, संदिग्ध गोष्टीतही त्यांना नकार दिसतो, आणि तो दिसला की त्यांची प्रतिक्रिया तीव्र असते. "मेसेज वाचला पण उत्तर दिलं नाही" याचा अर्थ आपण "कामात असेल" असा घेतो. अशा माणसाला तिथे थेट नकार ऐकू येतो.

"तू छान करतोस" याने फरक का पडत नाही, तर त्याची शंका स्वतःच्या हाताबद्दल नाहीच. आपलं काम चांगलं आहे हे बहुधा त्याला ठाऊक आहे. त्याला भीती आहे ती त्या खोलीची, तिथल्या माणसांची आणि दुसऱ्या दिवशीच्या तिठ्याची. त्यावर कौतुक चालत नाही.

करून बघण्यासारखं एक आहे. विचारायला जाण्याआधी "काय होईल असं वाटतं" ते एका ओळीत लिहून घ्या. परत आल्यावर काय झालं ते खाली लिहा. चर्चा नको, उपदेश नको. दोन्ही ओळी त्याच्याच अक्षरात हव्यात.

आणि झोप उडाली असेल, जेवण तुटलं असेल, माणसांत मिसळणंच बंद झालं असेल, तर मित्राच्या मदतीवर थांबू नका. बांबोळीला मानसोपचार व मानवी वर्तन संस्था आहे. टेली-मानसची सरकारी हेल्पलाइन १४४१६ या क्रमांकावर २४ तास असते, ती ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे.

पेडणेकर

वरचं सगळं पटलं, पण त्याच्या भीतीला नुसतं मनाचं दुखणं म्हणू नका. गोवा लहान आहे. मुंबईत एका दुकानाने नकार दिला तर ते दुकान आणि तुम्ही, बात संपली. इथे समितीवर असतो तो बायकोच्या मामाचा शेजारी, आणि आपण घरी पोचायच्या आत बातमी घरी पोचलेली असते. या माणसाला एक नकार मिळाला आणि तो गावाने पुन्हा पुन्हा मिळवून दिला. मला तरी सगळ्यात जास्त जखम तिठ्यावरच्या प्रश्नांनी केलेली दिसते.

म्हणून सुरुवात गावाबाहेर करावी. सावंतवाडी लाकडी कामासाठी जुनं नावाजलेलं गाव, तिथे लाकडाची पारख असलेले लोक आहेत आणि याला ओळखणारं कुणी नाही. मडगावला जावं. तिथे नकार मिळाला तर तो तिथेच राहतो.

कुळागरकर

@पेडणेकर, हे अगदी खरं. त्या दिवसांत तो दूध आणायलासुद्धा दुसऱ्या वाडीत जायचा. बाहेरगावी विचारायचं हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. अबोलीताई, मनताई, देव बरें करूं.

ताळगाव_पठार

थोडी अभ्यासाची बाजू मांडतो.

नेओमी आयझेनबर्गर आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. माणूस मेंदूच्या स्कॅनरमध्ये असताना पडद्यावर चेंडू फेकाफेकीचा खेळ खेळतो. समोर दोन खेळाडू आहेत असं त्याला सांगितलेलं असतं, प्रत्यक्षात तो संगणक असतो. थोड्या वेळाने त्याच्याकडे चेंडू येणं बंद होतं. तेवढ्यानेही, शारीरिक वेदनेचा त्रास होताना मेंदूचा जो भाग सक्रिय होतो, तिथे हालचाल दिसली. या निष्कर्षाचा अर्थ कसा लावायचा यावर पुढे बराच वाद झाला, पण वगळलं गेल्याचा त्रास क्षुल्लक नसतो एवढं त्यातून घ्यायला हरकत नाही. तेव्हा "एवढं काय मनाला लावून घेतोस" हे वाक्य तरी मित्राला ऐकवू नये.

दुसरा अभ्यास जास्त कामाचा. फ्रँक फ्लिन आणि व्हनेसा लेक (आता बोन्स) यांनी २००८ मध्ये लोकांना अनोळखी माणसांकडून प्रश्नावली भरून घ्यायला पाठवलं. पाच होकार मिळवायला साधारण २० जणांना विचारावं लागेल असा त्यांचा अंदाज होता. प्रत्यक्षात १० च्या आसपास पुरले. विचारणाऱ्याला समोरचा जितका कठोर वाटतो तितका तो नसतो, कारण तोंडावर नाही म्हणणं त्यालाही जड जातं. अर्थात प्रश्नावली भरणं आणि मखराचं काम देणं यात फार अंतर आहे, हे आकडे जसेच्या तसे लावू नका.

मानसोपचारतज्ज्ञ अल्बर्ट एलिस यांनी तरुणपणी स्वतःवर केलेला प्रयोगही प्रसिद्ध आहे. वय १९, न्यूयॉर्कचं बोटॅनिकल गार्डन. बाकावर एकट्या बसलेल्या प्रत्येक स्त्रीशी बोलायचं असं त्यांनी महिनाभरासाठी ठरवलं. १३० पैकी ३० उठून गेल्या, १०० जणींशी बोलणं झालं, भेटायला यायचं एकीने कबूल केलं आणि तीही आली नाही. निकाल शून्य, पण बोलण्याची भीती गेली.

अबोली_डिचोली

@ताळगाव_पठार, अभ्यासांबद्दल आभार. पण एलिस यांचा प्रयोग कुणी मिरामारच्या बाकांवर करायला जाऊ नये, हे लिहिणं मला गरजेचं वाटतं. तिथे एकटी बसलेली बाई कुणाची भीती घालवायला बसलेली नसते. विचारायचं तर जिथे समोरच्याचं कामच उत्तर देणं आहे तिथे विचारावं. दुकानदार, कार्यालय, समिती. त्यांना नाही म्हणताना संकोच वाटत नाही आणि आपल्यालाही अपराधी वाटत नाही.

ताळगाव_पठार

पूर्ण मान्य. हे मीच लिहायला हवं होतं.

आरतीची_वेळ

मी एका देवस्थानच्या समितीवर आहे (कुठल्या ते नको). नकार देणाऱ्यांच्या बाजूला बसणारा माणूस म्हणून लिहितो, कारण बाहेर उभ्या असलेल्याला आतलं दिसत नाही.

गेल्या काही वर्षांत आम्ही सुतार, रंगारी, मंडपवाले, वादक अशा अनेकांना नाही म्हटलं. त्यातल्या बहुतेकांच्या कामात खोट नव्हती. मग का म्हटलं? दात्याने पैसे देतानाच "माझ्या ओळखीच्या माणसाला काम द्या" अशी अट घातलेली असते. महाजनांच्या, म्हणजे देवस्थानच्या सभासदांच्या, सर्वसाधारण सभेत खर्च मंजूर झालेला नसतो आणि ते बाहेरच्याला सांगता येत नाही. दोन-तीन कोटेशनं हवी असतात आणि आलेलं असतं एकच. आधीच्या कारागिराने आगाऊ रक्कम घेऊन ऐन उत्सवात हात वर केलेले असतात, म्हणून सदस्य नव्या माणसाला बिचकतात. आणि एक मोठं कारण म्हणजे वेळ. नवरात्रीचं काम मागायला लोक चवथ झाल्यावर येतात. तेव्हा कोण काय ठरवणार? चांगलं लाकूड आणून वाळलेलं बघून काम सुरू करायचं तर पावसाआधी बोलणं व्हायला हवं.

आता तुमच्या मित्राला जे ऐकवलं गेलं ते वाक्य. कुणी बोललं असेल तर ते वाईट बोललं, त्याची बाजू मी घेणार नाही. पण अशी वाक्यं बैठकीत कशी येतात ते पाहिलंय. निर्णय आधीच झालेला असतो, खरं कारण सांगायचं नसतं, मग समोर उभ्या असलेल्या माणसावरच काहीतरी ढकलून विषय संपवला जातो. त्या माणसाला मात्र तेच कारण वाटतं आणि तो ते घरी घेऊन जातो. पंचवीस-तीस वर्षं हात चालवलेल्या कारागिराने ते वाक्य खरं मानावं, याचं मला फार वाईट वाटतं.

म्हणून त्याला तीन गोष्टी सांगा. भर बैठकीत पहिल्यांदा कागद उघडू नये, आधी अध्यक्षांना किंवा चिटणीसांना एकट्याने भेटावं. लाकूड, मजुरी, पॉलिश, ने-आण वेगवेगळं लिहून द्यावं, म्हणजे "महाग आहे" असं कुणी म्हटलं तर कशात महाग ते बोलता येतं. आणि नाही म्हटलं तर एवढंच विचारावं, "पुढच्या वेळी यायचं तर कधी येऊ, काय घेऊन येऊ?" या प्रश्नाला आम्ही उत्तर देतो. विचारणारे थोडे असतात, म्हणून ते लक्षातही राहतात.

पेडणेकर

ही पोस्ट कारागिरांनी कापून जपून ठेवावी अशी आहे.

मन_म्हापसा

@आरतीची_वेळ, तुम्ही दिलेला शेवटचा प्रश्न फार मोलाचा आहे. नकारानंतरचे चार क्षण सगळ्यात अवघड असतात, तोंड कोरडं पडतं, कधी एकदा बाहेर पडतो असं होतं. तेव्हा म्हणायला एक तयार वाक्य असलं की माणूस उभा राहतो. कुळागरकर, हे वाक्य त्याच्याकडून मोठ्याने म्हणवून घ्या. तुम्ही समिती व्हा, नकार द्या, आणि त्याला ते म्हणू द्या. पुन्हा पुन्हा.

अजून एक. धीर आला की विचारीन, असं तो म्हणत असेल तर वाट बघू नका. आपल्याच गोव्यात संगथ संस्थेने १० प्राथमिक आरोग्य केंद्रांत केलेलं काम २०१७ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आलं. नैराश्य असलेल्यांसाठी प्रशिक्षित साध्या माणसांनी, डॉक्टर नसलेल्यांनी, ६ ते ८ बैठका घेतल्या. भर होता तो आधी कृती करण्यावर, मन ठीक होईपर्यंत थांबण्यावर नव्हे. ज्यांना ही मदत मिळाली त्यांच्यात बरे होणाऱ्यांचं प्रमाण जास्त होतं. तुमच्या मित्राला नैराश्य आहे असं माझं म्हणणं नाही. पण आधी छोटी कृती, मग धीर, हा क्रम इथेही लागू पडतो.

कुळागरकर

बरेच दिवस लिहिलं नाही, कारण सांगण्यासारखं काही होईपर्यंत थांबलो होतो.

पहिल्यांदा सावंतवाडीला गेलो. कोरलेली एक छोटी महिरप त्याने सोबत घेतली. गाडीत त्याने कागदावर लिहिलं: "हसतील. हात लावून न बघता परत देतील." मी बाहेर थांबलो. दुकानदाराने महिरप हातात घेतली, उलटी करून मागची बाजू बघितली, लाकूड कुठलं ते विचारलं, आणि म्हणाला, आता जागा नाही, ठेवता येणार नाही. नकारच. याने तिथे "कधी येऊ?" विचारलं. "चवथ होऊन जाऊ दे, मग या" असं उत्तर आलं. बाहेर येऊन त्याने खाली लिहिलं: "हसले नाहीत. मागची बाजू बघितली." मागची बाजू बघणारा माणूस काम जाणतो, हे तो परतीच्या वाटेवर मला समजावून सांगत होता. त्याच्या तोंडून नकाराबद्दल बोलणं मी पहिल्यांदाच ऐकत होतो.

त्यानंतर सगळं सुरळीत झालं असं नाही. मडगावला एका दुकानाच्या दारातून तो परत फिरला. आम्ही नुसता चहा घेतला आणि आलो. मी त्यावर काही बोललो नाही.

मग बोरीला एका घराच्या दरवाजाच्या चौकटीचं काम निघालं. मालकाने त्यालाच फोन केला होता. यावेळी त्याने कंत्राटदाराचा नंबर दिला नाही. आरतीची_वेळ यांनी सांगितल्याप्रमाणे लाकूड, मजुरी, पॉलिश, ने-आण वेगळं लिहिलं, घरी जाऊन कागद दिला, आकडा सांगितला आणि गप्प राहिला. दर स्वतःहून कमी केला नाही. मालक म्हणाले, "विचार करून कळवतो."

अजून कळवलेलं नाही. तो सारखा फोन बघतोय. रात्री मला मेसेज येतो, "नाहीच असणार." यावर मी काय उत्तर देऊ?

मन_म्हापसा

"असेल, नसेल, अजून कळलेलं नाही" एवढंच. "होच म्हणतील बघ" असं सांगू नका, ते तुमच्या हातात नाही आणि तो ते पकडून बसेल. आकडा सांगून तो गप्प राहिला ही या सगळ्यातली सगळ्यात अवघड गोष्ट होती, ते मात्र त्याला जरूर सांगा.

आरतीची_वेळ

घरमालक आठ-दहा दिवस घेतातच. घरात चर्चा होते, दुसरीकडे दर विचारले जातात. आठवडा झाला की आपण फोन करावा, त्यात लाचारी नाही, उलट माणूस कामाला तयार आहे हे दिसतं. "काय ठरलं?" असं विचारू नये. "लाकूड बघायला जाणार आहे, सागवान बघू की शिवण, ते ठरलं का?" असं विचारावं. उत्तर देणं सोपं जातं.

वाळपई_एक्स्प्रेस

भावाला हा धागा वाचायला दिला. त्याने शेवटपर्यंत वाचला. काही बोलला नाही, पण आरतीची_वेळ यांचं वाक्य फोनमध्ये उतरवून घेतलंय.

कुळागरकर

शुक्रवारी फोन करायचा ठरलंय. मी विचारलं, येऊन बसू का जवळ? म्हणाला, "नको, तू कामावर जा. झालं की कळवतो." लाकडाचा प्रश्न कसा विचारायचा ते त्याने दोनदा म्हणून दाखवलं. महिरप पुन्हा सावंतवाडीला न्यायची आहे, त्याआधी मागची बाजू अजून घासून घेतो म्हणतोय.